अडतीस नंबरचा रुमाल: नंदनवनातल्या एका घराचं प्रकरण

नागपुरातल्या एका कुटुंब सल्ला केंद्रात मी समुपदेशक म्हणून काम करते. तिथलं हे एक प्रकरण त्या घरातल्या सगळ्यांच्या संमतीने मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे ज्या संस्थेचा उल्लेख येतो, तिचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

तक्रार

जूनचा दुसरा आठवडा होता. विदर्भातल्या शाळा उघडायच्या होत्या, पावसाचा पत्ता नव्हता. नंदनवनातून एक ताई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, खासगी ऑफिसात नोकरी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, सासूबाई माझ्या पोरीला मोलकरीण बनवून राहिल्या आहेत."

घरात चौघं. ताई, त्यांचे यजमान, पाचवीत जाणारी मुलगी आणि सत्तरी गाठलेल्या सासूबाई. दोघंही नोकरीला, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी दिवसभर आजीकडे. पहाटे पाचला उठवायचं, अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालायची, केर काढायचा, भांडी घासून तीन पाण्यांतून काढायची. जेवताना बोलायचं नाही. काम झालं की आजी तपासणार. एका रात्री कढईच्या कानाखाली बोट फिरवून आजी म्हणाल्या, "तेलकट आहे," आणि साडेनऊला पोरीला पुन्हा मोरीत बसवलं. ती रडायला लागली. ताईंनी तिच्या हातातली कढई ओढून आपटली. त्या दिवसापासून सासू-सुनेत बोलणं बंद. सासूबाईंचा मुलगा दोघींच्या मधून मान खाली घालून ये-जा करत होता.

मी फाइलवर लिहिलं: सासू-सून मतभेद, नातीच्या संगोपनावरून. अशी प्रकरणं आमच्याकडे महिन्याला दोन-चार येतात, आणि हेही त्यातलंच असं मी धरून चालले होते.

घरभेट

घरात शिरले तेव्हा आजी ओट्यापाशी होत्या. मला बघताच त्या हात पुसून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी बसा म्हणेपर्यंत बसल्या नाहीत. ताई मला मॅडम म्हणत, आजी "बाई" म्हणाल्या, आणि त्या "बाई"चा सूर शेजारणीला हाक मारायचा नव्हता. वरच्या माणसापुढे हजेरी द्यावी तसा होता.

स्वयंपाकघर मी नीट पाहिलं. स्टीलचे डबे उंचीप्रमाणे, झाकणावरच्या कड्या सगळ्या एकाच दिशेला. कणकेच्या डब्यात वाटी पालथी. पुसायच्या फडक्यांना चुण्या नाहीत. अशी मांडणी हौसेने होत नाही. तिच्यामागे कोणाच्या तरी नजरेचा धाक असतो, असं मला तिथेच वाटलं.

मुलगी पाणी घेऊन आली. तिच्या फ्रॉकला पिनने रुमाल लावला होता. रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने, उलट्या टाक्याने काहीतरी काढलेलं. मला आधी फूल वाटलं. जवळून पाहिलं तर तो आकडा होता: ३८.

"आजी सगळ्या कपड्यांवर काढते," मुलगी म्हणाली. "बाबांच्या बनियनवर पण आहे."

तिच्या आईला हे ठाऊक होतं. सासूबाईंची एक सवय, म्हणून तिने सोडून दिलं होतं. मुलाने लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा "धोब्याची खूण" असं उत्तर मिळालं होतं. मी आजींकडे पाहिलं. त्या मान वळवून ओटा पुसायला लागल्या. ओटा कोरडाच होता.

आजींनी सांगितलेलं

ते बोलायला तीन भेटी लागल्या, त्याही घरी नाही, केंद्राच्या मागच्या खोलीत. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याखेरीज कोणालाही त्यांनी सांगितलं नव्हतं की आपण "संस्थेतल्या" आहोत. नवरा मिलमध्ये होता. तो गेला, आणि हे माहीत असणारं घरात कोणी उरलं नाही.

आजींची आई बाळंतपणात गेली. बापाची कामाची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. पाच वर्षांची पोर कोणाकडे ठेवणार? १९५९च्या सुमारास त्याने तिला शहरातल्या एका धर्मादाय बालिकागृहात नेऊन सोडलं. महिन्यातून एका रविवारी तो फुटाणे घेऊन यायचा. पुढे त्याने दुसरं लग्न केलं आणि तो रविवारही गेला. अनाथाश्रम म्हटलं की आईबाप दोन्ही नसलेली मुलं डोळ्यापुढे येतात. खरं तर अशा घरांत पालक हयात असलेली मुलं पुष्कळ असत, इथेही आणि विलायतेतही. गरिबी, वैधव्य, आजारपण, दुसरं लग्न, दुष्काळ ही दाखल होण्याची खरी कारणं होती.

संस्थेत सुमारे ऐंशी मुली. दाखल झाल्यावर अंघोळ, केस कापणं आणि नंबर. ताट, ट्रंक, परकर, रुमाल, सगळ्यावर तोच आकडा. शिवायला शिकल्यावर आपला आकडा आपणच लाल दोऱ्याने काढायचा. आजी म्हणाल्या, "पहिले मी अक्षरं नाही शिकली बाई. पहिले अडतीस शिकली."

पहाटे साडेचारला घंटा. विहिरीवर रहाटाला मोठ्या मुली, मधल्या मुली झाडलोटीला, लहान्या प्रार्थनेच्या पट्ट्या अंथरायला. कामाच्या पाळ्या आठवड्याने बदलत: पाण्याची, भांड्यांची, धुण्याची, जात्यावरची, स्वयंपाकाची. भांड्यांना राख आणि काथ्या, धुण्याला सोडा आणि शेवटच्या पाण्यात नीळ. सकाळी ज्वारीची भाकर, शाळेतून आल्यावर वरण-भात, कधी अंबाडीची भाजी. दुधाच्या भुकटीचं दूध यायला लागलं तेव्हा ते ढवळायची वेगळी पाळी झाली, आणि त्या पाळीसाठी मुली भांडत, कारण पातेल्याच्या बुडाची खरवड ढवळणारीला मिळे. दिवाळीला एकाच ताग्यातले ऐंशी फ्रॉक. ते घालून रांगेने बाहेर निघालं की रस्त्यावरचं प्रत्येक माणूस ओळखायचं, या कुठल्या मुली.

अकराव्या वर्षी त्यांच्याकडे एक "लहानी" दिली गेली. प्रत्येक मोठ्या मुलीकडे एक लहान मुलगी असे. तिची अंघोळ, वेणी, उवा, रात्री उठून तिला बाहेर नेणं, सगळं मोठीने बघायचं. आजींची लहानी चार वर्षांची होती, नंबर एकोणचाळीस. तिच्याबद्दल बोलताना आजींचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. "रातच्याले माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपे ते."

स्वयंपाकात त्या तयार झाल्या होत्या. ऐंशी जणींना आठ किलो कणीक, त्यात किती मीठ, किती पाणी, हे हाताला पाठ. चुलीचा जाळ किती मागे ओढला की तूरडाळ करपत नाही, हे वासावरून कळे. एकोणिसाव्या वर्षी संस्थेने लग्न लावून दिलं. मुलाकडून अर्ज आला, अधीक्षिकाबाईंनी चौकशी केली, दहा मिनिटं ऑफिसात दोघांना समोरासमोर बसवलं. "पसंत आहे का?" हे मुलाला विचारलं. लग्नात नाव बदललं.

आणि नव्या घरातल्या पहिल्या सकाळी त्यांना दोघांचा स्वयंपाक करता येईना.

"कणीक मळली तर परात भरली," त्या म्हणाल्या. "कितीही कमी घेतली तरी जास्तच. मले दोघाचं मापच नव्हतं माहीत. दोन दिवस त्याच पोळ्या खाल्ल्या. ते हसले, पन मी रडली."

नवऱ्याने पगार हातात दिला तर त्यांनी तो तसाच देवापाशी ठेवला, कारण पैशाला हात लावायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बुधवारी बाजारात त्या भाजीच्या ढिगापुढे उभ्या राहिल्या आणि भाव विचारायचा कसा ते कळेना. चौदा वर्षं भाजी चिरली होती, निवडली होती, शिजवली होती. विकत कधी घेतली नव्हती. कोणती भाजी करायची हे तर कधीच ठरवलं नव्हतं.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला काय आवडतं खायला?" बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जे उरते ते."

या शिक्षणाची मुळं

आजींचं बालपण ज्या साच्यात गेलं तो साचा नागपुरात घडलेला नव्हता. लंडनमध्ये थॉमस कोरमच्या प्रयत्नांतून १७३९ साली सनद मिळालेलं टाकलेल्या मुलांचं घर उभं राहिलं. तिथे मुलांना नवं नाव आणि गळ्यात शिशाचा नंबर मिळे. मुली वाढून घरकामाच्या नोकरीला लागत. अनाथ मुलांसाठी घरं काढणाऱ्या बर्नार्डोने १८७६ साली बार्किंगसाइडला मुलींचं गाव वसवलं. मोठ्या कोठीऐवजी लहान लहान घरं, प्रत्येक घराला एक "आई", आणि धुलाई, शिवण, स्वयंपाकाचं कसून शिक्षण. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये दहा लाखांहून जास्त बायका दुसऱ्यांच्या घरी नोकरीत होत्या. अनाथ मुलीला पोटापाण्याला लावायचं तर हीच वाट सगळ्यांत रुंद होती. शिवाय मुलींच्या कामावर संस्था चाले. पगारी धोबीण, पगारी स्वयंपाकीण ठेवायला देणगीचे पैसे पुरत नसत. एकाच कामाला शिक्षणही म्हणायचं आणि त्याच कामातून खर्चही वाचवायचा, ही दुहेरी सोय या घरांच्या पायातच होती.

आपल्याकडे वाट जरा वेगळी फुटली. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आमच्याच मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात स्वयंपाक आणि शिवण होतीच, पण विणकाम, शेती, तेलघाणा आणि छापखानाही होता. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुली तिथे तयार झाल्या. त्याच १८९६ साली पुण्यात कर्व्यांचा विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, पुढे तो हिंगण्याला गेला, आणि तिथला रोख पुस्तकांवर होता. नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ उभा केला. त्या स्वतः बालविधवा, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या. ज्या बाईच्या हातात सुईणपणाचं, शुश्रूषेचं शिक्षण आलं, तिला स्वतःची कमाई आली. आजींच्या संस्थेतल्या दोन मुली नर्सिंगला गेल्या होत्या. "त्या हुशार होत्या," आजी म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की ऐंशी जणींचा स्वयंपाक वेळेत उतरवणारी मुलगीही हुशारच असते. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

घरकाम शिकवलं यात मला काही हलकं वाटत नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या घरांत घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या. पण जायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. आजींच्या बाबतीत हात तयार झाले आणि ठरवणं कायम दुसऱ्याकडे राहिलं. किती, कोणासाठी, कधी, कशाला, यातलं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. आता सत्तराव्या वर्षी नातीला शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यापाशी शिकवण्याची एकच रीत होती: घंटा, पाळी, तपासणी. प्रेमाने शिकवायचं म्हणजे आपल्याला जे सगळ्यांत पक्कं येतं ते द्यायचं, आणि त्या तेच देत होत्या.

माझी चूक

ताईंना हे सगळं कळल्यावर, म्हणजे आजींच्या परवानगीने मी सांगितल्यावर, त्या खूप रडल्या. मग आम्ही एक चुकीचा निर्णय घेतला, आणि सल्ला माझा होता. आजींनी आयुष्यभर राबून झालं, आता त्यांना कामातून मोकळं करू, असं मी सुचवलं. भांड्यांना बाई लावली, सकाळचा स्वयंपाक ताईंनी हातात घेतला.

तीन आठवड्यांत आजी खंगल्या. पहाटे चारला उठून अंधारात खुर्चीत बसून राहत. जेवण निम्म्यावर आलं. मुलाने डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या ठीक निघाल्या. एक दिवस त्यांनी आपल्या दोन साड्या आणि औषधं पिशवीत भरून दारापाशी ठेवली. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काम नाही तर मले कुठं पाठवनार आहात ते सांगून द्या."

संस्थेत जी मुलगी कामाची उरत नाही तिची रवानगी होते, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. आजारी पडणारी एक मुलगी अशीच दुसरीकडे हलवली गेली होती. त्यांच्या लेखी काम म्हणजे राहण्याचं भाडं होतं, आणि मी ते भाडंच बंद केलं होतं. मला हे आधी दिसायला हवं होतं. उरलेल्या पोळ्यांवर जगणारं माणूस आपल्या जागेबद्दल किती अनिश्चित असेल, याचा विचार मी केला नाही.

त्या संध्याकाळी मुलगा पहिल्यांदा बोलला. त्याने आईच्या पिशवीतल्या साड्या काढून कपाटात परत ठेवल्या आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला खोचली. केंद्रातल्या आमच्या सगळ्या बैठकांपेक्षा या एका कृतीचा उपयोग जास्त झाला, असं माझं मत आहे.

पुढे काय केलं

काम आजींना परत दिलं, पण ठरवण्यासकट. दर बुधवारी त्या आणि नात बाजारात जाणार, पैसे आजींच्या बटव्यात, भाजी कोणती घ्यायची ते आजी ठरवणार, आणि घरात कोणी "हे कशाला आणलं" म्हणायचं नाही. पहिल्या बुधवारी त्या काहीच न घेता परत आल्या. दुसऱ्या बुधवारी पाव किलो चवळीच्या शेंगा आणल्या. तिसऱ्या बुधवारी नातीने सांगितलं की आजीने भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून वाद घातला. ताईंनी मला फोन करून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज आनंदाने चिरकला होता.

दुसरी गोष्ट मुलीच्या डोक्यातून निघाली. तिला शाळेत प्रमाण शिकवत होते. तिने एक वही केली आणि आजीचे ऐंशीचे हिशेब चौघांवर आणले. ऐंशी जणींना आठ किलो कणीक, म्हणजे एकीला शंभर ग्रॅम, म्हणजे आपल्याला चारशे. आजी तिच्या शेजारी बसून बघत होत्या. पन्नास वर्षं त्या अंदाजाने कमी करत आल्या होत्या आणि रोज एक-दोन पोळ्या उरतच होत्या. त्या उरलेल्याच त्या खात होत्या. मुलीने वजनकाट्यावर चारशे ग्रॅम मोजली, पोळ्या झाल्या बारा, आणि शेवटची पोळी पानात पडली तेव्हा डबा रिकामा होता. आजींना त्या दिवशी सगळ्यांबरोबर ताज्या पोळ्या खाव्या लागल्या, कारण उरलेलं काही नव्हतंच.

तपासणीबद्दल ताई ठाम राहिल्या, आणि ते योग्यच होतं. रात्री पोरीला मोरीत बसवायचं नाही, पहाटे पाचला उठवायचं नाही. आजींनी एकदा विचारलं, "मग तिले शिस्त कशी लागनार?" ताई म्हणाल्या, "आई, तिला घासता येतं आता. तुम्हीच शिकवलं. पण तपासायचं ते तिचं तिने." आजी गप्प झाल्या. कढईच्या कानाखाली बोट अजून जातं, पण आता त्या काही बोलत नाहीत, स्वतः उठून पुसतात.

सगळं सुटलं असं नाही. जेवताना आजी अजूनही बोलत नाहीत. पाहुणे आले की भिंतीला टेकून उभ्या राहतात. पहाटे चारला जाग येतेच.

आज बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे संस्थेतल्या प्रत्येक मुलाची वेगळी काळजी योजना करावी लागते, मुलांची समिती असावी लागते, अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्यांच्या अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे. मी अशा घरांत प्रशिक्षणाला जाते तेव्हा काळजीवाहकांना एवढंच विचारते की तुमच्या मुलींनी गेल्या महिन्यात स्वतः काय विकत आणलं, आणि चौघांचा स्वयंपाक त्यांनी कधी केला. एका संस्थेने यानंतर मोठ्या मुलींसाठी वेगळा गॅस आणि लहान पातेली घेतली. चार-चार जणींचा गट आठवड्यातून एकदा आपला बाजार आणतो आणि आपलं शिजवतो.

प्रकरण बंद करायच्या बैठकीत मी आजींना विचारलं, संस्थेत एकदा जाऊन यायचं आहे का. त्या नको म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकोनचाळीस कुठं आहे ते कळलं तर पाह्यजे होतं. वर्ध्याकडे दिली म्हनून ऐकलं होतं."

कोणाचा पत्ता संस्था अशी देऊ शकत नाही. तिथल्या आताच्या अधीक्षिकांनी एवढं कबूल केलं की पत्र ठेवून घेतील, आणि माग लागला, ती बाई तयार असली तर पोचवतील. पत्र आजींनी सांगितलं, नातीने लिहिलं. दीड पान झालं. उवांच्या फणीपासून पदराच्या टोकापर्यंत सगळं त्यात आलं. शेवटी नात पेन थांबवून म्हणाली, "आजी, खाली काय लिहू? नाव की नंबर?"

"दोन्ही लिही," आजी म्हणाल्या. "नाव तर लग्नात बदललं माझं."